‘झीरो-रेटेड’ म्हणजे करमुक्त नव्हे

‘झीरो-रेटेड’ या इंग्रजी जोडविशेषणाचे भाषांतर ‘करमुक्त’ असे सर्रास केले जाते. ते फसवे आहे. ब्रिटनमध्ये १९७३ साली मूल्यवर्धित कर आला तेव्हापासून छापील पुस्तके ‘झीरो-रेटेड’ आहेत. म्हणजे कर लागू, पण दर शून्य. म्हणूनच कागदावर भरलेला कर प्रकाशकास परत मिळतो. भारताच्या २०१७ च्या वस्तू व सेवा कराने हे विशेषण निर्यातीस आणि विशेष आर्थिक क्षेत्रांना होणाऱ्या पुरवठ्यास बहाल केले. देशात विकल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या वाट्याला नुसती सूट आली. पावतीवर कर दिसत नाही हे खरे, परंतु कागदावरील कर परत मिळत नसल्याने तो किमतीत मुरतो. विद्यार्थी तो भरतो, आणि वर पुस्तक करमुक्त असल्याचे ऐकतो! ‘शून्यदरी’ हा प्रतिशब्द कानाला खडबडीत लागेल. पण तो हा फरक लपवीत नाही.