रंगाचे पाणी निवळणारे जिवाणू

मंडळी, पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आले की आपली आजी काय करीत असे? हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवी, नाहीतर निवळीची बी उगाळून घाली. सकाळी पाहावे तो गाळ तळाला आणि नितळ पाणी वर. निवळी हे नावच मुळी तिच्या कामावरून पडलेले.

मातीचे बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कारण त्या प्रत्येकावर ऋण विद्युत्भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा भार धन. तो ही भाऊबंदकी मिटवतो. मग कणांचे पुंजके होतात, जड होतात आणि खाली बसतात.

हंड्यातली हीच युक्ती कापड रंगवण्याच्या कारखान्यातही चालते. इचलकरंजीसारख्या गावी रंगाई होते तेव्हा सगळाच रंग काही कापडावर चढत नाही. उरलेला धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडतो. त्या पाण्यात तुरटीच्या जातीचे क्षार घातले की बराच रंग खाली बसतो, पण ॲल्युमिनियम मिसळलेला गाळ ढिगाने साचतो. म्हणून शास्त्रज्ञांची नजर जिवाणूंकडे वळली.

शिळ्या वरणाला तार सुटलेली तुम्ही पाहिली असेल. जिवाणू आपल्या अंगाबाहेर चिकट पदार्थ सोडतात, त्याचा हा प्रकार. हा चीक म्हणजे शर्करेच्या किंवा प्रथिनांच्या लांबच लांब साखळ्या. काही जिवाणूंचा चीक वेगळा काढून रंगाच्या पाण्यात घातला, तर एकेक साखळी कित्येक कणांना धरून ठेवते. एका दावणीला दहा गुरे बांधावीत तशी. पुष्कळदा साखळीचा भारही ऋणच असतो. तेव्हा सोबत थोडा कॅल्शियमचा क्षार घालतात, तो दोघांत मध्यस्थी करतो. या चिकाला बायोफ्लॉक्युलंट म्हणतात. जपानी शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात ऱ्होडोकॉकस एरिथ्रोपोलिस नावाच्या जिवाणूपासून असा पदार्थ काढला. त्याचा मोठा गुण हा की तो मातीत कुजून जातो. अडचण खर्चाची. जिवाणूंना खाऊ घालावे लागते आणि चीक निघतो थोडा. साखर कारखान्याच्या मळीवर त्यांना वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत.

पण रंग रंगात फरक असतो. पॉलिएस्टरचे रंग पाण्यात विरघळत नाहीत, कणरूपाने राहतात. ते या दावणीला सहज सापडतात. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग मात्र पाण्यात पुरते विरघळतात, त्यांना पकडणे कठीण. शिवाय हे रंग सुतावर चढावेत म्हणून टाकीत भरपूर मीठ घालतात. ते मीठ ना तुरटीने बसते, ना जिवाणूंच्या चिकाने. तामिळनाडूत तिरुप्पूरजवळ नोय्यल नदीवर ओरथुपाळयमचे धरण आहे. शेतीसाठी बांधलेल्या या धरणात रंगाईचे खारट पाणी साचले, खालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी नासल्या, प्रकरण न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या रंगशाळा बंद करायला लावल्या. तेव्हा ओढ्याला आलेले पाणी नुसते नितळ दिसते म्हणून बिनघोर उसाला सोडू नका. आधी तपासून घ्या.

आणि खाली बसलेला गाळ? रंग नाहीसा होत नाही, तो फक्त पाण्यातून गाळात जातो. काही रंग कुजताना विषारी पदार्थ होतात. असा गाळ कोणी फुकट खत म्हणून देऊ लागला, तर घेऊ नये.

गुरुजी, हे मुलांना वर्गात दाखवता येईल. दोन पेल्यांत गेरूचे पाणी घ्या, एकात चमचाभर मीठ विरघळवा. दोन्हींत सारखीच तुरटी फिरवून रात्रभर ठेवा. सकाळी दोन्ही पेले सारखेच नितळ दिसतील. मग वरच्या पाण्याचे पाच-सहा थेंब काळ्या पाटीवर टाकून उन्हात वाळू द्या आणि कोणत्या पेल्याचा डाग जास्त पांढरा उठतो, ते मुलांनाच ओळखू द्या.