कुंपणातला ओरिक्स आणि वर्गातले मूल

झाड, पाखरू, मूल, भाषा ही व्याकरणात सर्व नामे होत. नाम म्हटले की काहीतरी तयार, पक्के, एका जागी असलेले असे डोळ्यांपुढे येते. पण उगवणे, उडणे, वाढणे, बोलणे ही क्रियापदे काढून घेतली तर त्या नामांत उरते काय? विसाव्या शतकात हा प्रश्न ज्यांनी नेटाने विचारला, त्यांत इंग्लंडचे गणिती व तत्त्वज्ञ अल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड (१८६१–१९४७) अग्रगण्य होत. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, १९२४ साली, ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवण्यास गेले. १९२९ साली त्यांचा ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ हा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ‘द एम्स ऑफ एज्युकेशन’ हा शिक्षणावरील निबंधसंग्रहही. जग हे तयार वस्तूंचे कोठार नसून घडामोडींचा अखंड ओघ आहे, हे त्यांच्या विचाराचे सार होय. यालाच प्रक्रियावाद म्हणतात.

विचार तसा जुनाच. एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही, असे ग्रीसचा हेराक्लिटस सांगे. बौद्धांचा क्षणिकवाद तर आपल्या भारतातलाच. व्हाइटहेड यांनी तो आधुनिक विज्ञानाशी आणि शाळेच्या वर्गाशी जोडला, हे त्यांचे विशेष. ही जोडणी व्यवहारात कितपत टिकते हे पाहण्यासाठी वाचकांनी आमच्याबरोबर सौदी अरेबियाच्या वाळवंटात यावे.

त्या वाळवंटात ओरिक्स नावाचा हरिणासारखा प्राणी राहतो. अंग पांढरेशुभ्र, पाय काळसर, शिंगे लांब आणि जवळजवळ सरळ. अरबी भाषेत त्याला ‘महा’ म्हणतात. आपले कवी सुंदर स्त्रीला मृगनयनी म्हणतात, तसे अरबी कवी तिच्या डोळ्यांना महाच्या डोळ्यांची उपमा देत आले. परंतु मोटारी आणि बंदुका आल्यावर त्याची बेसुमार शिकार झाली आणि १९७२ साली ओमानमध्ये रानातले अखेरचे ओरिक्स मारले गेले.

सुदैवाने त्याआधीच काहींनी सावधगिरी बाळगली होती. १९६३ पासून अमेरिकेतील फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नऊ ओरिक्सांचा कळप जमवण्यात आला. त्यांतील चार सौदीचे राजे सौद यांच्या संग्रहातून आले होते. पुढे १९८६ साली सौदी सरकारने तैफजवळ वन्यजीव संशोधन केंद्र काढले आणि राजे खालिद यांच्या संग्रहातील ओरिक्स तेथे आणले. त्या कळपात क्षयरोग निघाला. तेव्हा वासरे जन्मतःच आईपासून वेगळी करून माणसांनी बाटलीने दूध पाजून वाढवली. तैफच्या ईशान्येस महाजत अस-सैद येथे सुमारे २,२०० चौरस किलोमीटर रानाला कुंपण घातले आणि १९९० साली तेथे ओरिक्स सोडले.

प्राणी तर वाचला. परंतु माणसाच्या हातून दूध प्यालेला, चारापाणी वेळेवर मिळालेला ओरिक्स वाळवंटात जगेल काय?

तो जगला. महाजतमध्ये वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. पिण्याचा पाणवठा नाही; गवतपाल्यातून मिळेल तेवढाच ओलावा. तैफच्या शास्त्रज्ञांनी या मोकळ्या ओरिक्सांच्या शरीराचे तापमान मोजले, तेव्हा उन्हाळ्यात ते दिवसभरात सुमारे चार अंशांनी वरखाली होते असे आढळले. आपल्याला दोन अंश ताप चढला तरी आपण अंथरूण धरतो. ओरिक्स मात्र घाम गाळून पाणी घालवण्यापेक्षा दिवसा अंग तापू देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. त्याच रानातील रीम नावाच्या हरिणांचा अभ्यास याहून नवलाचा आहे. चारापाणी कमी झाले की त्यांचे यकृत व हृदयसुद्धा लहान होते, म्हणजे शरीराचा खर्च कमी होतो. ज्याला आपण पक्का अवयव समजतो, तोही ऋतूबरोबर घडत-मोडत असतो. सजीव म्हणजे चालू असलेले काम, ही कल्पना येथे तराजूवर मोजता येते.

जीवशास्त्राला ही दृष्टी अगदीच नवी नाही. गर्भ कसा घडतो याचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन (१९०५–१९७५) यांनी व्हाइटहेड यांचे ऋण मान्य केले होते. वाढणारा जीव म्हणजे डोंगरउतारावरून घरंगळणारा गोटा. पुढे वाटा फुटत जातात आणि प्रत्येक वळणावर काही वाटा मागे पडतात, असे चित्र त्यांनी काढून दाखवले.

आता महाजतची दुसरी बाजू. १९९९ पासून कडक दुष्काळ पडला. ओरिक्सची रीत अशी की जिकडे पाऊस पडेल तिकडे दूरवर चालत जायचे. कळप चालू लागले आणि कुंपणाशी येऊन थांबले. शेकडो ओरिक्स मेले. कित्येकांचे सांगाडे कुंपणाच्या कडेलाच सापडले. उष्णता सोसणारे शरीर होते, परंतु त्या शरीराचे अर्धे बळ चालण्यात होते आणि चालण्यास वाट नव्हती.

मग कुंपण घातले हेच चुकले काय? तसेही म्हणता येत नाही. ओमानने १९८२ पासून आपले ओरिक्स मोकळ्या रानात सोडले होते. १९९६ पासून चोरट्यांनी त्यांना इतके लुटले की कळप नाहीसा होत आला. सरकारने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटवले आणि २००७ साली ते जागतिक वारसा यादीतून काढले गेले. सौदीने मात्र १९९५ पासून रुब अल-खालीच्या पश्चिम कडेला, उरुक बनी मआरिद येथे, कुंपणाविना पण राखणदार ठेवून ओरिक्स सोडले. त्या प्रदेशाला २०२३ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आधी हाताने दूध, मग कुंपण, मग मोकळे रान: प्रत्येकाची एक वेळ असते. आपल्या बेटावरही १९७४ साली रानात अवघे चार मॉरिशस ससाणे उरले होते. माणसांनी पिल्ले वाढवली आणि मग रानात सोडली, म्हणून ती जात टिकली.

व्हाइटहेड यांनी शिक्षणाविषयी हेच सांगितले. शिक्षणाला ताल असतो, असे त्यांचे म्हणणे. प्रथम कुतूहलाचा काळ: मूल हुंदडते, विचारते, मोहून जाते. मग अचूकपणाचा: नियम, सराव, पाढे, व्याकरण. शेवटी शिकलेले घेऊन मोकळेपणाने वावरण्याचा काळ. मधल्या काळापासूनच आरंभ केला आणि तेथेच थांबलो, तर मुलाच्या डोक्यात निर्जीव कल्पना साठतात, म्हणजे ज्या परीक्षेत उतरवता येतात पण कशालाही लावता येत नाहीत. हा ताल एकदाच होऊन संपत नाही. प्रत्येक धड्यात, प्रत्येक वयात तो पुन्हा सुरू होतो.

येथे आम्हास आपल्या मराठीची आठवण होते. आपली मुले शाळेत मराठी शिकतात, परीक्षा देतात, गुणही चांगले मिळवतात. पुस्तक आणि परीक्षा हे कुंपण होय आणि ते हवेच; त्यावाचून क्रिओल, फ्रेंच व इंग्रजीच्या गर्दीत मराठी केव्हाच हरवली असती. परंतु वर्गातून बाहेर पडलेल्या मुलाला मराठीत चालण्यास रान कोठे आहे? आजीशी दोन वाक्ये, दुकानात एखादी थट्टा, मित्राला एक पत्र एवढेही नसेल, तर दुष्काळ आला की मूल कुंपणाशीच थांबणार.

आपल्या पूर्वजांनी भाषा पेटीत घालून आणली नव्हती. ती बोलत, गात आणली. कोकणातील जाखडी येथे झाकरी झाली. नाव बदलले, चाल बदलली, म्हणून ती आजही नाचली जाते. मुलाने मराठीत क्रिओलचा शब्द मिसळला की आपण लगेच त्याला अडवतो. त्याऐवजी त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे आणि मग हळूच योग्य शब्द सांगावा. यंदाच्या गणेश चतुर्थीस प्रत्येक घरी मुलांना पाठ केलेल्या आरतीबरोबर एक गोष्ट स्वतःच्या मराठीत सांगू द्यावी आणि वडीलधाऱ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.