उभे जव, आडवे जव

सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन परगणा लागतो. तिथल्या फेअरफॅक्स गावाबाहेर मातीचा एक उतरता रस्ता आहे, वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात खोदलेला. 21 ऑक्टोबर 1976 रोजी काही तरुणांनी त्या रस्त्यावर सायकलींची शर्यत लावली. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळजवळ 400 मीटर खाली. सायकली जुन्या, जाड टायरच्या, भंगारातून उचलून दुरुस्त केलेल्या. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराचं नाव पडलं 'रीपॅक'. पहिल्या शर्यतीत न पडता खाली पोहोचला तो एकच, ॲलन बाँड्स.

गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही नावं याच उताराशी जोडलेली आहेत. माउंटन बाइकचा इतिहास सांगताना त्यांच्या सायकलींविषयी भरपूर लिहिलं जातं. मला मात्र त्या काळातली छायाचित्रं पाहताना आधी पाय दिसतात. अंगात जीन्स, पायात कामगारांचे जाडजूड बूट. तो हबमधला ब्रेक पेडल उलटं दाबून लागायचा. म्हणजे वेग द्यायचा पायांनी आणि थांबायचंही पायांनीच. पाऊल पेडलवरून घसरलं तर एकाच क्षणी दोन्ही गेले. डोंगरातल्या सायकलस्वारासाठी बूट म्हणजे यंत्राचा भाग आहे, हे त्या पहिल्या दिवसापासूनच खरं होतं. त्यासाठी वेगळा बूट घडायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली.

खिळवलेलं पाऊल आणि मोकळं पाऊल

पुढे या बुटाच्या दोन वाटा झाल्या. पहिली वाट बर्फातून आली. लूक ही फ्रेंच कंपनी बर्फावरच्या स्कीला बूट अडकवण्याची बंधनं बनवत असे. तीच कल्पना तिने 1984 मध्ये सायकलच्या पेडलला लावली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने त्या पेडलांवर तूर द फ्रान्स जिंकली. पण रस्त्यावरच्या या बुटांचं क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तुकडा, तळाबाहेर आलेलं आणि मोठं होतं. ते घालून चार पावलं चालणंही कठीण, मग डोंगर चढणं दूरच. शिमानो या जपानी कंपनीने 1990 मध्ये एसपीडी पेडल आणलं आणि हे कोडं सोडवलं. क्लीट लहान केलं, दोन स्क्रूंवर बसवलं आणि तळाच्या खोबणीत आत घेतलं. भोवती रबराचे दात ठेवले. आता पाऊल पेडलला खिळलेलंही राहू लागलं आणि खाली उतरून सायकल खांद्यावर घेऊन चालताही येऊ लागलं. त्याच वर्षी कोलोरॅडोतल्या डुरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. आणखी 6 वर्षांनी हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

दुसरी वाट कड्यांवरून आली. चार्ल्स कोल या गिर्यारोहकाने 1985 मध्ये कॅलिफोर्नियात फाइव्ह टेन ही कंपनी काढली. हे नावच प्रस्तरारोहणातल्या एका काठिण्यश्रेणीचं, 5.10 चं. खडकाला चिकटून राहणारं रबर हे या कंपनीचं मर्म. साधं रबर दाबलं की लगेच उसळून मूळ आकारात येतं. हे रबर मात्र हळू परततं. त्यामुळे ते खडकाच्या बारीक खाचांत शिरून धरून बसतं आणि हादराही जिरवतं. क्लीट न लावता सपाट पेडलवर उतार उतरणाऱ्यांना नेमकं हेच हवं होतं. पेडलवरच्या लोखंडी टोचण्या रबरात रुतल्या की पाऊल जागचं हलत नाही, आणि पडायची वेळ आली तर क्षणात सुटतंही. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने 2017, 2018 आणि 2019 अशी सलग 3 वर्षं एन्ड्युरो विश्वमालिकेचं विजेतेपद सपाट पेडलांवर मिळवलं, तेव्हा बाकीचे बहुतेक सगळे क्लीट वापरत होते.

म्हणून 'कोणता बूट चांगला' या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही. बर्फाने दिलेला बूट पाऊल बांधून ठेवतो, कड्याने दिलेला बूट पाऊल धरून ठेवतो. बांधलेल्या पावलाला दगडाळ चढावर पेडल सुटण्याची भीती नसते. धरलेल्या पावलाला चुकून पाय टेकवण्याची मुभा असते.

तळ किती कडक असावा?

मिनिटाला 80 फेरे हा मध्यम वेग धरला, तरी तासाला प्रत्येक पाऊल 4800 वेळा पेडल दाबतं. तीन तासांच्या फेरीत 14,400 वेळा. हा सगळा दाब पावलाच्या एका छोट्या भागातून जातो. तो भाग म्हणजे चवडा. प्रत्येक पावलात 26 हाडं आहेत. त्यातल्या पाच लांब हाडांची पुढची टोकं चवड्यात येऊन टेकतात आणि त्यांच्यामधून बोटांकडे जाणाऱ्या बारीक नसा असतात. तळ मऊ असेल तर पेडल खालून टोचत राहतं. पाऊल त्याभोवती वाकतं, ताकद त्या वाकण्यात खर्च होते, तळव्यात आग होते. कडक तळ हाच दाब पसरवून देतो. म्हणून शर्यतीच्या बुटांत कार्बनचा तळ घालतात.

पण तोच कडक तळ घेऊन चालायला लागा. चालताना पाऊल टाचेवर टेकतं, चवड्यावर वळतं आणि बोटांनी जमीन सोडतं. तळ वळलाच नाही तर टाच बुटातून उचलली जाते. दर पावलाला टाच उचलली गेली की कातडी घासते आणि अर्ध्या तासात फोड येतो. डोंगरातल्या सायकलस्वाराचा बूट नेहमी या ताणात जगतो: पेडलवर असताना फळीसारखा आणि जमिनीवर असताना चपलेसारखा. बहुतेक चांगल्या बुटांत यावर एकच तोड असते. क्लीटच्या भागापासून टाचेपर्यंत तळ कडक आणि बोटांपाशी थोडा लवचीक.

युरोप-अमेरिकेत कित्येक डोंगरांवर सायकलींसाठी खास बांधलेल्या वाटा आहेत, काही ठिकाणी तर वर जायला पाळणे आहेत. सह्याद्रीत आपण जातो त्या वाटा मुळात गुरांच्या, गावकऱ्यांच्या आणि घाट चढणाऱ्या बैलांच्या. मधेच कातळाची पायरी येते, मधेच ओढा, मधेच करवंदीची जाळी. सायकल खांद्यावर घेणं हा इथे अपवाद नाही, दर फेरीचा भाग आहे. म्हणून आपल्याकडे बूट घेताना स्वतःला आधी विचारायचा प्रश्न हा: माझ्या फेरीत मी किती वेळ पेडलवर असतो आणि किती वेळ पायी? कार्बनच्या तळाचं वजन आणि किंमत त्यानंतर पाहावी.

नंबर नेमकं काय मोजतो?

आता मुख्य गोष्ट, मापाची. आपल्याकडे सर्रास चालणारा इंग्रजी नंबर जवाच्या दाण्यावर उभा आहे. तीन जव लांबीत ठेवले की एक इंच, आणि एका जवाएवढी लांबी वाढली की एक नंबर वाढतो. म्हणजे 8 आणि 9 यांत जेमतेम साडेआठ मिलिमीटरचा फरक. युरोपीय नंबर दोन-तृतीयांश सेंटिमीटरने, म्हणजे 6.67 मिलिमीटरने वाढतो. ही दोन मापं एकमेकांत नेमकी बसत नाहीत. म्हणून एका कंपनीचा 8 तिच्याच तक्त्यात 42 असतो आणि दुसरीच्या तक्त्यात साडेबेचाळीस. शिवाय युरोपीय 42 हा आकडा पावलाची लांबी सांगत नाही. तो ज्या साच्यावर बूट शिवला त्या साच्याची लांबी सांगतो, 28 सेंटिमीटर. चांभार या साच्याला फर्मा म्हणतात, आणि बुटाचा स्वभाव काय तो या फर्म्यात असतो.

आपल्या जुन्या मापांतही जव आहे. पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ जवांचं एक अंगुळ धरलं आहे ते जवाच्या मधल्या जाडीवरून, म्हणजे दाणे आडवे मांडून. बुटाच्या मापाशी या अंगुळाचा काही संबंध नाही. तरी मला ही जोडी फार बोलकी वाटते. उभे जव लांबी सांगतात, आडवे जव रुंदी. बुटाच्या नंबराने फक्त उभे जव मोजले आणि पावलं मात्र आडवीही वाढतात.

हे अमेरिकेतल्या सिरॅक्यूसच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांना 1920 च्या दशकातच जाणवलं होतं. त्यांनी पाऊल मोजण्याचं एक धातूचं साधन बनवलं. ते तीन मापं घेतं: टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, चवड्याची रुंदी, आणि टाचेपासून अंगठ्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर. सायकलस्वारासाठी हे तिसरं माप सगळ्यांत मोलाचं. दोन माणसांची पावलं सारख्याच लांबीची असतील, पण एकाची बोटं लांब आणि दुसऱ्याची आखूड असतील, तर त्यांचे चवडे वेगवेगळ्या जागी येतात. बुटाचा सर्वांत रुंद भाग, त्याची वळण्याची जागा आणि क्लीटची खोबण हे सगळं चवड्याच्या जागेशी बांधलेलं असतं.

हे मी पुस्तकातून शिकण्याआधी ताम्हिणीच्या बाजूच्या एका चढावर शिकलो. माझ्या पहिल्या क्लीटच्या बुटात चवडा आवळत होता. दुकानात सल्ला मिळाला, एक नंबर मोठा घ्या. घेतला. रुंदीला जागा झाली, पण माझा चवडा बुटाच्या रुंद भागाच्या मागे राहिला आणि क्लीट बोटांकडे सरकलं. दोन तासांत पोटऱ्या भरून आल्या. सायकल खांद्यावर घेऊन चढताना टाच दर पावलाला सुटत होती. संध्याकाळी मोजा काढला तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड होता. रुंदीची उणीव लांबीने भरायला गेलो होतो. आपल्या देशातले असंख्य लोक रोज हेच करतात.

'भा' आणि आपली पावलं

याला आता मोजणीचाही आधार आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभर पावलांचं सर्वेक्षण केलं. 79 ठिकाणच्या 1,01,880 लोकांची पावलं त्रिमितीय यंत्रांनी मोजली. भारतीय पावलं सर्वसाधारणपणे युरोपीय आणि अमेरिकी पावलांपेक्षा रुंद आहेत, असं त्यात दिसलं. आवळणारा बूट टाळायला लोक लांबीने मोठा बूट घेतात, हेही नोंदलं गेलं. त्यावरून भारतीय मापांची नवी पद्धत सुचवण्यात आली. तिचं नाव 'भा', भारत शब्दाचं पहिलं अक्षर.

डोंगरातल्या सायकलचे बूट मात्र बहुतेक परदेशी फर्म्यांवर घडतात. त्यातले काही अरुंद, काही रुंद. काही कंपन्या एकाच नंबरात रुंद आवृत्तीही देतात. ती मिळत असेल तर नंबर न वाढवता तीच घ्यावी. स्त्रियांची अडचण आणखी वेगळी. चवड्याच्या मानाने त्यांची टाच सहसा अरुंद असते. पुरुषी फर्मा नुसता लहान करून शिवलेला बूट त्यांना पुढे आवळतो आणि मागे सैल राहतो.

बूट पारखताना

पाऊल मोजायचं ते संध्याकाळी, कारण दिवसभरात ते थोडं सुजतं. दोन्ही पावलं मोजावीत. ती क्वचितच सारखी असतात, म्हणून माप मोठ्या पावलाचं धरावं. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहावं, बाह्यरेषा काढावी आणि तीन मापं घ्यावीत: लांबी, रुंदी आणि अंगठ्यामागच्या उंचवट्याचं अंतर. जो मोजा घालून सायकल चालवणार तोच घालून बूट पारखावा. बोटांपुढे सुमारे एक सेंटिमीटर मोकळं हवं, नाहीतर सायकल धरून उतार उतरताना नखं काळी पडतात. टाच जागची हलता कामा नये. करंगळीच्या बाजूला कापड ताणलेलं दिसलं तर तो बूट ठेवून द्यावा. कोल्हापुरी चपलेला तेल पाजलं की ती पायाच्या आकाराला येते, पण या बुटांचं कृत्रिम कापड तसं सैलावत नाही. दुकानात चावणारा बूट डोंगरावरही चावणारच.

क्लीट बसवताना आधी चवड्याखाली बसवावं, मग थोडं मागे सरकवून पाहावं. उतारावर पेडलांवर उभं राहणाऱ्यांना मागे सरकवलेलं क्लीट पोटऱ्यांना आराम देतं. पेडलची पकड एलन कीने सैल-घट्ट करता येते. नव्याने शिकणाऱ्याने ती अगदी सैल ठेवून मऊ मैदानात पाय सोडवण्याचा सराव करावा. गुडघा दुखू लागला तर आधी क्लीटचा कोन तपासावा.

आणि पाऊस. चांगलं रबरसुद्धा शेवाळलेल्या कातळावर हरतं, तिथे उतरून चालावं हेच शहाणपण. लाल चिखल क्लीटच्या खोबणीत भरतो आणि पाऊल अडकेनासं होतं. तो काठीने टोकरत राहावा लागतो. घरी आल्यावर आतला तळवा काढून वेगळा वाळवावा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावेत. चुलीपाशी किंवा कडक उन्हात ठेवले तर चिकटवलेला तळ सुटतो. सुटलाच तर कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे न्यावा. पावलाचा कागद सोबत नेलात, तर बूट कुठे आवळतो आणि फर्मा घालून किती ताणता येईल हेही ते सांगतील.

रीपॅकच्या त्या तरुणांनी मिळतील त्या सायकली आपल्या हातांनी बदलून घेतल्या, कारण त्यांच्या डोंगरासाठी कुणी सायकल बनवलीच नव्हती. आपल्या डोंगरासाठी आणि आपल्या रुंद पावलांसाठी बूट घडेल तेव्हा घडेल. तोवर निदान आपलं पाऊल आपल्याला माहीत हवं. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करून बाहेर येताना फरशीवर ओल्या पावलांचे ठसे उमटतात. यंदा ते सुकण्याआधी क्षणभर थांबून पाहा. कमान किती उचललेली आहे, चवडा किती पसरला आहे, अंगठ्यामागचा उंचवटा कुठे टेकला आहे. बुटाच्या डब्यावरच्या नंबरात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.