दीर्घकालीन लोकसंख्या-आरोग्य अभ्यासाची आखणी : फ्रॅमिंगहॅम व पुणे येथील अनुभवांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

१२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मेंदूतील रक्तस्रावाने निधन झाले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदविला गेला. तो एकाएकी वाढलेला नव्हता. त्याआधीची काही वर्षे तो सातत्याने चढत होता. परंतु वय वाढेल तसा रक्तदाब वाढणे स्वाभाविकच आहे, अशी त्या काळातील अनेक वैद्यकतज्ज्ञांची धारणा होती. ती चुकीची आहे हे सिद्ध करण्यासाठी रुग्णालयात दाखल झालेले रोगी तपासून भागणार नव्हते. निरोगी माणसांची आज नोंद करावयाची आणि त्यांच्यापैकी कोणाला कोणता आजार होतो हे वर्षानुवर्षे पाहावयाचे, हाच एक मार्ग होता. या विचारातून १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी हृदयरोगाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात हे आजार आज आपल्या समाजातही घरोघरी पोहोचले आहेत. महाविद्यालयांतून या विषयांवर सर्वेक्षणेही होतात. मात्र त्यांतील बहुतेक सर्वेक्षणे एकदाच केलेली असतात आणि त्यांतून काढलेले निष्कर्ष पुष्कळदा त्यांच्या आवाक्याबाहेरचे असतात. म्हणून दीर्घकालीन अभ्यासाची आखणी कशी केली जाते, हे सर्व विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे :

१) एकवेळच्या सर्वेक्षणाच्या मर्यादा स्पष्ट करणे.
२) दीर्घकालीन अभ्यासाच्या आखणीतील प्रमुख टप्प्यांचा परिचय करून देणे.
३) अशा अभ्यासातील नैतिक जबाबदारीचा व महाविद्यालयांच्या संभाव्य सहभागाचा विचार करणे.

१. एकवेळचे सर्वेक्षण कोठे अपुरे पडते?

एखाद्या गावात मधुमेह आणि आहार यांचे सर्वेक्षण केले असे समजू. बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळेल. म्हणून बिनसाखरेच्या चहाने मधुमेह होतो असे कोणी म्हणणार नाही. मधुमेह झाल्यामुळेच त्या व्यक्तींनी साखर सोडलेली असते. येथे चूक लगेच लक्षात येते. परंतु व्यायाम, वजन, मानसिक ताण, झोप यांच्याबाबतीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे इतक्या सहजपणे ओळखता येत नाही.

दुसरी अडचण अशी की, जे रुग्ण लवकर दगावले ते सर्वेक्षणात येतच नाहीत. त्यामुळे सर्वांत घातक घटकच सौम्य भासू शकतो. दीर्घकालीन अभ्यासात कारणाची नोंद परिणामाच्या आधी होते. केवळ तेवढ्याने कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. पण ज्याशिवाय तो सिद्ध होऊ शकत नाही, ती पहिली अट येथे पूर्ण होते.

२. स्थळाची आणि लोकसमूहाची निवड

फ्रॅमिंगहॅमची निवड योगायोगाने झाली नव्हती. सुमारे २८,००० लोकवस्तीच्या या गावातील लोकजीवन स्थिर होते, बोस्टनमधील वैद्यकीय संस्था जवळ होत्या आणि १९१७ ते १९२३ या काळात तेथे क्षयरोगविषयक सामुदायिक उपक्रम पार पडल्यामुळे नागरिकांना अशा कामाची सवय होती. स्थळ निवडताना हेच प्रश्न विचारावे लागतात. लोक तेथे टिकून राहतील काय? आजार व मृत्यू यांची माहिती खात्रीने मिळेल काय? आणि लोकांचा विश्वास संपादन करता येईल काय?

मात्र या निवडीची किंमतही असते. फ्रॅमिंगहॅममधील मूळ सहभागी जवळजवळ सर्व गौरवर्णीय होते. तेथील आकडेवारीवरून तयार झालेली जोखीम-सूत्रे पुढे जगभर वापरली गेली. पण अन्य समाजांना ती जशीच्या तशी लागू पडत नाहीत, असे दिसून आले. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका इतरांपेक्षा सरासरी पाच-सहा वर्षे आधी येत असल्याचे आढळले. दुसऱ्यांच्या समाजावरून काढलेले गणित आपल्यासाठी पुरेसे नाही, हाच याचा अर्थ होय. खुद्द फ्रॅमिंगहॅममध्येही १९९४ मध्ये अन्य वंशांच्या रहिवाशांचा स्वतंत्र गट सुरू करण्यात आला.

३. नमुना आणि त्याचा आकार

फ्रॅमिंगहॅममध्ये ६,५०७ व्यक्तींची नमुन्यासाठी निवड झाली. त्यांपैकी ४,४६९ व्यक्तींनी प्रत्यक्ष सहभाग घेतला. ही उणीव भरून काढण्यासाठी ७४० स्वयंसेवक घेण्यात आले आणि एकूण संख्या ५,२०९ झाली. त्यांत २,८७३ स्त्रिया होत्या. हृदयविकार हा पुरुषांचा आजार मानला जाण्याच्या काळात घेतलेला हा निर्णय दूरदर्शी ठरला. मात्र आपण होऊन पुढे येणारे लोक सामान्यतः आरोग्याविषयी अधिक जागरूक असतात. त्यामुळे निवडलेले आणि स्वेच्छेने आलेले यांच्या नोंदी वेगळ्या ओळखता येतील, अशी व्यवस्था आरंभीच करावी लागते.

नमुन्याचा आकार ठरविताना व्यक्तींच्या संख्येइतकेच भविष्यात अपेक्षित असलेल्या घटनांच्या संख्येला महत्त्व असते. एखाद्या आजाराचे नवे रुग्ण दरवर्षी शेकडा एक या प्रमाणात आढळतात असे मानले, तर १,००० व्यक्तींमध्ये पाच वर्षांत सुमारे ५० रुग्ण मिळतील. आरंभीच्याच काळात त्यांतील ३०० व्यक्ती संपर्काबाहेर गेल्या, तर ही संख्या ३५ च्या आसपास येईल. तिची वय, लिंग आणि धूम्रपान यांनुसार विभागणी केली की प्रत्येक रकान्यात मोजकेच रुग्ण उरतात. एवढ्या तुटपुंज्या संख्येवरून ठाम विधान करता येत नाही.

४. मोजमापाची शिस्त

वीस-तीस वर्षांच्या अभ्यासात मोजणारी माणसे, उपकरणे आणि प्रयोगशाळा बदलणारच. बदल व्यक्तीत झाला की उपकरणात, हे वेगळे करता आले नाही तर सारा खटाटोप व्यर्थ जातो. म्हणून प्रत्येक मोजमापाची लेखी कार्यपद्धती हवी. रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. व्यक्तीला पाच मिनिटे शांत बसवावे, दंडाच्या घेरानुसार पट्टा निवडावा, किमान दोन वेळा मोजावे आणि प्रत्येक आकडा लगेच लिहावा. निरीक्षक नकळत शून्य किंवा पाच या अंकांकडे आकडा वळवितात. नोंदींतील शेवटच्या अंकांची वारंवारिता तपासली की हा दोष उघड होतो.

रक्ताचे नमुने गोठवून जतन करणे हीदेखील भविष्याची तरतूद असते. आज कोणता प्रश्न महत्त्वाचा आहे हे आपणास ठाऊक असते. वीस वर्षांनी कोणता असेल हे ठाऊक नसते.

५. अनुगमन : अभ्यासाचा कणा

फ्रॅमिंगहॅममधील मूळ सहभागींची दर दोन वर्षांनी तपासणी होत असे. १९६१ मध्ये सहा वर्षांच्या अनुगमनावर आधारित निबंधात ‘जोखमीचे घटक’ ही कल्पना मांडली गेली आणि उच्च रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध स्पष्ट झाला. पक्षाघात व उच्च रक्तदाब यांचा संबंध ठामपणे पुढे येण्यास १९७० साल उजाडले. काही उत्तरे सहा वर्षांत मिळतात, तर काहींसाठी दोन दशके थांबावे लागते.

मूळ आराखडा वीस वर्षांचा होता. ती मुदत संपत आली तेव्हा शासकीय अर्थसाहाय्य थांबविण्याचा निर्णय झाला. खासगी देणग्या आणि बोस्टन विद्यापीठाचा सहभाग यांमुळे काम तगले. १९७१ मध्ये सहभागींची मुले व त्यांचे जोडीदार आणि २००२ मध्ये तिसरी पिढी अभ्यासात आली. त्या वेळी काम बंद पडले असते, तर कुटुंबातून येणाऱ्या जोखमीविषयीचे पुष्कळसे ज्ञान हाती लागले नसते.

आपल्याकडे अनुगमनाच्या अडचणींचे स्वरूप वेगळे आहे. पहिल्या बाळंतपणासाठी सून माहेरी जाते. मुलीचे लग्न झाले की गाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. तरुण कामासाठी पुण्या-मुंबईकडे जातात, तर ऊसतोड मजूर हंगामात गावी नसतात. संपर्क तुटणारे लोक आणि टिकून राहणारे लोक सारखे नसतात. म्हणून प्रत्येक सहभागीस कायम क्रमांक द्यावा, दोन-तीन नातेवाइकांचे संपर्क नोंदवावेत आणि आशा स्वयंसेविकांसारख्या स्थानिक व्यक्तींचे साहाय्य घ्यावे.

६. पुण्याजवळचा अनुभव

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्राने १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळील सहा खेड्यांत मातेच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. गर्भधारणेपूर्वीची स्थिती कळावी म्हणून विवाहित स्त्रियांची नोंद आधीच करण्यात आली आणि दरमहा घरभेट देऊन पाळीच्या तारखा टिपण्यात आल्या. पुढे ७९७ गर्भवती स्त्रियांचा तपशीलवार अभ्यास झाला.

येथील पूर्ण दिवसांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो. वजनात एवढी तफावत असूनही आपल्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, परंतु शरीररचनेत चरबीचे प्रमाण अधिक, असे हे चित्र होते. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. मातेच्या शरीरात फॉलेट अधिक आणि बी-१२ कमी असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन-प्रतिरोध सर्वाधिक दिसला. या निरीक्षणांतून पुढे २०१२ मध्ये याच पिढीतील मुलामुलींना गर्भधारणेपूर्वीच बी-१२ देऊन परिणाम पाहणारा प्रयोग सुरू झाला. मधुमेहाची पाळेमुळे जन्मापूर्वीच्या पोषणात असू शकतात, हे एका सर्वेक्षणातून कधीही उमगले नसते.

७. नैतिक जबाबदारी

आजाराचे निरीक्षण दीर्घकाळ करणे आणि रुग्णाला आजारात तसेच सोडणे यांतील सीमारेषा कधीही पुसली जाता कामा नये. अमेरिकेच्या ज्या सार्वजनिक आरोग्य सेवेने फ्रॅमिंगहॅमचा आरंभ केला, तिनेच १९३२ पासून अलाबामातील टस्कीगी येथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिसविषयक अभ्यास चालविला होता. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही रुग्णांना ते दिले गेले नाही. १९७२ मध्ये ही बाब उघडकीस येईपर्यंत अभ्यास चालूच राहिला. याउलट फ्रॅमिंगहॅममध्ये तपासणीचे निष्कर्ष सहभागीच्या कुटुंबवैद्याकडे पाठविले जात.

म्हणून तपासणीत रक्तदाब किंवा साखर वाढलेली आढळल्यास काय करावयाचे, कोणत्या दवाखान्यात पाठवावयाचे, हे पहिल्या तपासणीपूर्वीच ठरले पाहिजे. संमती एकदा सही घेऊन संपत नाही. प्रत्येक फेरीत ती नव्याने घ्यावी लागते. आणि निष्कर्ष प्रथम गावाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजेत.

समारोप :

दीर्घकालीन अभ्यास हे केवळ वैद्यकीय महाविद्यालयांचे क्षेत्र नाही. नमुनानिवडीसाठी संख्याशास्त्र, आहारनोंदीसाठी गृहविज्ञान, स्थलांतराच्या आकलनासाठी भूगोल व समाजशास्त्र, तर प्रश्नावलीच्या भाषेसाठी मराठी विभाग यांची गरज असते. राष्ट्रीय सेवा योजनेने दत्तक घेतलेले गाव ही अनेक महाविद्यालयांची जमेची बाजू आहे. नैतिक समितीची मान्यता आणि जवळच्या वैद्यकीय संस्थेचे सहकार्य घेऊन तेथे मोजक्या घटकांची शिस्तबद्ध नोंद सुरू करता येईल. अट एकच की, नोंदवह्या एखाद्या प्राध्यापकाच्या कपाटात न राहता संस्थेच्या ताब्यात असाव्यात. म्हणजे त्यांची बदली वा निवृत्ती झाली तरी काम थांबणार नाही. पदवीसाठीचा प्रबंध तीन-चार वर्षांत पूर्ण होतो. मधुमेह मात्र वीस वर्षे दबा धरून बसतो. त्याचा माग काढावयाचा असेल, तर आज नोंद करणाऱ्याने आपल्या उत्तराधिकाऱ्यासाठी नोंद करावी, एवढी तयारी हवी.