एका शिलिंगाचं परीक्षण

टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या १० वर्षांच्या मुलाच्या, रेनरच्या हाती दिलं. पोरानं अभिप्राय लिहिला: नकाशे आहेत, मग चित्रं कशाला? ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आवडेल. (स्वतः दहाचा, म्हणून ही ऐट!) मेहनताना एक शिलिंग. चित्रं मात्र छापली गेलीच, तीही खुद्द टॉल्किन यांनी काढलेली. पहिल्या १५०० प्रती डिसेंबरपर्यंत संपल्या.

हेही सांगायला हवं: टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक. आईही गेल्यावर १२ वर्षांच्या या पोरक्या मुलाचं पालकत्व फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी घेतलं होतं. मराठीत ‘हॉबिट’ आणली मीना किणीकर यांनी. प्रकाशक पुण्याचे, डायमंड पब्लिकेशन्स.