मऊ भाताची माया

संध्याकाळचे साडेसात. मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप, तोंडी लावायला लिंबाच्या लोणच्याची फोड. वर कपभर दूध. सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी मराठी माणसांचं रात्रीचं जेवण एवढंच असतं. वाढणाऱ्याच्या मनात त्यामागे मायाच असते. ‘वय झालं, आता हलकं खावं’ हे वैद्यांपासून शेजारणीपर्यंत सगळेच सांगत आलेले. पचायला सोपं, चावायला सोपं, आणि करायला तर फारच सोपं.

याच ताटाकडे जरा हिशेबाच्या नजरेनं पाहू. मूठभर तांदळात चारेक ग्रॅम प्रथिनं, चमचाभर मेतकुटात एक, दुधात पाच. झाले दहा. दुपारच्या दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण आणि भात यांचे बारा-चौदा. दोन वेळच्या चहाबरोबरची खारी-बिस्किटं धरून आणखी तीन-चार. दिवसाची बेरीज तिशीच्या आतच राहते. आजींचं वजन 55 किलो असेल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार (किलोमागे 0.83 ग्रॅम) त्यांना सुमारे 46 ग्रॅम हवेत. ही शिफारस सगळ्या प्रौढांसाठी सरसकट आहे. वार्धक्याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या ‘प्रोट-एज’ या आंतरराष्ट्रीय गटानं 2013 मध्ये पासष्टीपुढच्यांसाठी किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सुचवले. म्हणजे आजींना 55 ते 66 हवेत आणि मिळतात त्याच्या निम्मे.

हालचाल कमी झाली, भूक कमी झाली, म्हणजे गरजही कमी झाली, असं आपण धरून चालतो. कॅलरींपुरतं ते बरोबर आहे. प्रथिनांचं मात्र उलट आहे. स्नायू रोज थोडे झिजतात आणि रोज थोडे बांधले जातात. जेवणातून रक्तात आलेली अमिनो आम्लं, त्यातही ल्युसीन, हा बांधकाम सुरू करण्याचा निरोप असतो. वय वाढलं की कानांसारखंच स्नायूंनाही कमी ऐकू येतं. नेहमीच्या आवाजात सांगून भागत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात याचं मोजमाप आहे: हे बांधकाम पुरतं चालावं म्हणून तरुणांना एका वेळच्या खाण्यात किलोमागे 0.24 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिनं पुरली, वृद्धांना 0.40 ग्रॅम लागली. आपल्या 55 किलोंच्या आजींसाठी हे एका जेवणाला 22 ग्रॅम होतात. रात्रीच्या मऊ भातातून दहा मिळतात. निरोप जातो, पण ऐकूच येत नाही.

या झिजेला 1989 पर्यंत धड नावही नव्हतं. आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीकमधल्या ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव या शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवलं. त्याआधी सगळं ‘वय झालं’ या दोन शब्दांत भागत असे, आणि घरोघरी अजूनही भागतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण सुनेकडून उघडून घ्यावं लागतं, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, रस्ता ओलांडेपर्यंत सिग्नल बदलतो. आशियाई तज्ज्ञांच्या गटानं 2019 मध्ये याची साधी परीक्षा ठरवून दिली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायचं. 12 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर तपासून घेण्याची वेळ आली.

‘मागच्या वर्षी आठवडाभर तापानं झोपले आणि तेव्हापासून खचले ते खचलेच,’ असं आपण एखाद्या आजोबांबद्दल ऐकतो. यात तथ्य आहे. सरासरी 67 वर्षांच्या काही धडधाकट स्त्री-पुरुषांना संशोधकांनी दहा दिवस अंथरुणात ठेवलं. 2007 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. कसलाही आजार नसताना, आणि शिफारशीइतकी प्रथिनं मिळत असताना. आजारपणात आपण पाजतो ती पेज.

मग जाहिरातीतला पावडरचा डबा आणावा का? बोस्टनच्या मारिया फियाटारोन यांचे दोन जुने प्रयोग इथे आठवावेत. 1990 मध्ये त्यांनी एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! पुढे 1994 मध्ये सरासरी 87 वर्षांच्या शंभर जणांचे चार गट केले: काहींना व्यायाम, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही, काहींना यातलं काहीच नाही. दहा आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांची ताकद 113 टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम 3. नुसत्या पेयानं अशक्तपणा कमी झाला नाही. उलट, व्यायाम न करणाऱ्यांनी पेय घेतलं तेवढं रोजचं जेवण कमी केलं. बांधकामाला विटा लागतात हे खरं, पण गवंडीही कामावर यायला हवा.

मऊ भात ताटातून काढायची मुळीच गरज नाही. त्याच्यावर काय वाढतो, तेवढं बदलायचं. कोकणात त्यावर कुळथाची पिठी पडते. ही सोय जुन्या स्वयंपाकघरानं करूनच ठेवलेली आहे. खिचडीत मुगाची डाळ तांदळाच्या बरोबरीनं घालता येते. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस. भाजीत सढळ हातानं कूट घालणारी आजी स्वतःच्या वाट्याला का कमी घेते, हे कोडं मला सुटलेलं नाही. कवळी सैल असेल, तर आधी ती नीट करून घ्यावी. उसळी ताटातून जाण्याचं कारण पोटापेक्षा दातांत जास्त वेळा असतं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आता डोक्याकडे वळू. इथे गोष्ट थेट पुण्यात येते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या 441 मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 67 टक्क्यांमध्ये मेंदू आणि नसांना लागणारं बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण 81 टक्के होतं, झोपडपट्टीत त्याहून बरंच कमी. पैशानं हे जीवनसत्त्व येत नाही. ते फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत येतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. चहात पडतं तेवढं दूध त्याला पुरत नाही. त्यात वयाबरोबर जठरातलं आम्ल घटतं, आणि त्याच्याशिवाय अन्नातलं बी-12 सुटं होत नाही. वर्षानुवर्षं रोज घेतलेली पित्ताची गोळी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन त्यात भर घालतात.

मग पायांना मुंग्या येतात, अंधारात तोल जातो, कालचं बोलणं आज आठवत नाही, चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, वय झालं. पण हे विसरण्याचं असं एक कारण आहे, की ते एका रक्ततपासणीत सापडतं आणि इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येतं. फार उशीर झाला, तर नसांचं नुकसान कायमचं राहतं. ज्यांचं बी-12 पुरेसं आहे, त्यांची स्मरणशक्ती मात्र गोळ्या खाऊन वाढत नाही. बुद्धिवर्धक म्हणून विकलं जाणारं बहुतेक सगळं मी याच खात्यात टाकतो.

एका पदार्थापेक्षा सगळी राहणी मोजणारा अभ्यास फिनलंडमध्ये झाला. मिया किविपेल्टो यांच्या गटानं 60 ते 77 वयाच्या 1260 जणांना घेऊन दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असं एकत्र करून पाहिलं. 2015 च्या निष्कर्षांत आकलनाच्या चाचण्यांत फरक दिसला. मोठा नव्हता, पण होता. त्यातला आहाराचा वाटा वेगळा काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी येते. ‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?’ जोडीदार गेला, मुलं परगावी, आणि रात्री चहा-टोस्टवर भागलं. अमेरिकेत आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांची जेवणं संशोधकांनी मोजली. 2005 मध्ये छापलेल्या त्या आकड्यांत, समोर कुणी बसलेलं असताना माणसं दर जेवणाला सरासरी 114 कॅलरी जास्त जेवली होती. म्हणजे साधारण एक पोळी.