हिवाळ्यातले तिरपे ऊन आणि खिशातला कॅमेरा

डिसेंबरमधली सकाळ. घड्याळात पावणेसात वाजलेले. थिबा पॉइंटवरून खाली पाहिले, की भाट्याच्या खाडीवर धुक्याचा पातळ थर पसरलेला दिसतो. त्यातून माडांचे शेंडे तेवढे वर आलेले असतात. एखादी होडी त्या धुक्यात शिरते आणि क्षणभर दिसेनाशी होते. रोज फिरायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी थांबते, खिशातून मोबाइल काढते, एक फोटो घेते आणि पुन्हा चालू लागते. सारे मिळून अर्धे मिनिट जाते. पण या अर्ध्या मिनिटात मन आणि शरीर यांच्यात बरेच काही घडते, असे गेल्या दहा-बारा वर्षांतले संशोधन सांगते.

कोकणात हिवाळा तसा सौम्य. रत्नागिरीत जानेवारीतही पारा रात्री साधारण १८ ते २० अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. तरीही अनेक घरांसाठी हा ऋतू जड असतो. गणपतीत माणसांनी भरलेले घर दिवाळीनंतर रिकामे होते. मुले-नातवंडे मुंबई-पुण्याला परततात. भातकापणी उरकलेली असते, आंब्याची घाई अजून सुरू व्हायची असते. मागे राहिलेल्या आई-वडिलांच्या हाती उरतात मोठे घर, लांबलचक संध्याकाळ आणि मोबाइल. हा मोबाइल दिवसभर दुसऱ्यांचे जग दाखवत राहतो. त्याचाच कॅमेरा स्वतःच्या अंगणाकडे वळवला, तर काय होते?

ऊन तिरपे का पडते?

छायाचित्रकारांना हिवाळा आवडतो, त्याचे कारण आकाशात आहे. रत्नागिरी १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. २२ डिसेंबरच्या आसपास मात्र भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांपर्यंत चढतो. दिवस सुमारे ११ तासांचाच असतो आणि त्यातला मोठा भाग तिरप्या उन्हाचा असतो.

सूर्य खाली असला, की त्याच्या किरणांना हवेच्या जाड थरातून यावे लागते. वाटेत हवेतले रेणू निळा प्रकाश इतस्ततः विखुरतात. आपल्यापर्यंत पिवळ्या-तांबूस छटा जास्त पोहोचतात. म्हणून चिऱ्याची साधी भिंतही संध्याकाळी पाचच्या उन्हात सोन्यासारखी दिसते. सावल्याही लांबतात. सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असताना वस्तूची सावली तिच्या उंचीच्या जवळपास पावणेचार पट असते. वाळूतली पावलांची नक्षी, गोधडीचे टाके, जाळ्याची वीण, सुपातल्या पावट्याचे दाणे असे सारे उठून दिसते. एरवी सपाट वाटणाऱ्या गोष्टींना आकार येतो.

पहाटेचे धुके आणि दव हीसुद्धा निरभ्र रात्रींची देणगी. ढगांचे पांघरूण नसल्याने जमीन रात्री झपाट्याने उष्णता गमावते. जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यातली वाफ गवताच्या पात्यावर थेंब होऊन बसते. हा थेंब म्हणजे एक छोटे बहिर्गोल भिंगच. त्याच्याजवळ मोबाइल नेऊन पाहिले, तर मागचे माडाचे झाड त्यात उलटे टांगलेले दिसते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. त्यांचा जोर बहुधा कमी असतो. अशा वेळी किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते आणि मिरकरवाड्याच्या बंदरातल्या होड्यांचे रंग पाण्यात जसेच्या तसे उतरतात.

फोटो काढला, की आठवण राहते की जाते?

या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. अमेरिकेतील फेअरफील्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवले. काही वस्तू त्यांना नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवत होत्या. कॅमेऱ्याने पाहिले आहे म्हटल्यावर मेंदूने जणू आपले काम सोडून दिले होते. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर 'झूम' करून फोटो काढला, त्यांच्या स्मृतीत अशी घट झाली नाही. एवढेच नव्हे, चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना तितकाच आठवत होता. हा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला.

क्रिस्टिन डील, गॅल झौबरमन आणि अलिक्सांड्रा बॅराश यांनी २०१६मध्ये नऊ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. त्यांत दोन हजारांहून अधिक लोक सहभागी होते. बसमधून शहर पाहणे, बाहेर जेवायला जाणे अशा अनुभवांत फोटो काढणारे लोक बहुतेक वेळा अधिक रमले आणि त्यांना आनंदही अधिक मिळाला. काय टिपायचे हे शोधताना ते समोरच्या गोष्टीत गुंतत गेले. मात्र कॅमेरा हाताळणेच अडचणीचे ठरले, तर हा फायदा दिसला नाही. अनुभव मुळात अप्रिय असेल, तर फोटो काढल्याने तो अधिकच अप्रिय वाटला. याच संशोधकांनी २०१८मध्ये आणखी एक इशारा दिला. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याच्या हेतूनेच काढला, तर आनंद कमी होऊ शकतो. माणूस दृश्याकडे पाहण्याऐवजी 'लोक काय म्हणतील' याकडे पाहू लागतो.

थोडक्यात, कॅमेरा चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहून सूर्यास्ताचे एकामागून एक चाळीस फोटो घेणे वेगळे आणि ओल्या काळ्या वाळूवर उमटलेली खेकड्याची नक्षी टिपण्यासाठी गुडघ्यावर बसणे वेगळे. पहिल्या प्रकारात बघण्याचे काम यंत्रावर सोपवले जाते, दुसऱ्यात डोळे ते स्वतः करतात.

रोज एक फोटो

ब्रिटनमधील लिझ ब्रूस्टर आणि अँड्र्यू कॉक्स यांनी रोज एक फोटो काढून तो इतरांना दाखवणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांची छायाचित्रे दोन महिने पाहिली, त्यांच्याशी बोलणे केले. अभ्यास लहान होता, पण त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या. रोजच्या फोटोमुळे स्वतःकडे थोडे लक्ष दिले जाते, त्या निमित्ताने इतरांशी बोलणे होते आणि मागे वळून पाहायला काहीतरी साठते. घरात एकट्या पडलेल्या माणसासाठी यातली दुसरी गोष्ट फार मोलाची आहे. मुंबईतल्या मुलाला रोज 'जेवलास का?' एवढेच विचारण्यापेक्षा 'आज परसातल्या कलमाला पहिला मोहोर दिसला' म्हणून फोटो पाठवला, तर पुढे दहा मिनिटे बोलायला विषय मिळतो.

फोटोसाठी बाहेर पडावे लागते, हा दुसरा लाभ. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण काहीशे लक्स असतो. बाहेर सावलीतही तो त्याच्या कितीतरी पट असतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी हा उजेड मोजून मेंदूतल्या जैविक घड्याळाला वेळ कळवतात. सकाळचा उजेड मिळाला, की रात्रीची झोप वेळेवर येण्यास मदत होते. शिवाय चालणे होतेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४मध्ये दाखवून दिले, की बसलेल्या माणसांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना अधिक सुचतात. ही वाढ सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास होती.

नवे काही सुचायला दूरच्या प्रवासाची गरज नसते, याचा एक दाखला भारतीय विज्ञानातही आहे. १९२१मध्ये सी. व्ही. रामन बोटीने प्रवास करत असताना भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांचे लक्ष वेधले. ही निळाई म्हणजे आकाशाचे नुसते प्रतिबिंब, हे तेव्हाचे मत त्यांना पटेना. खिशातल्या छोट्या निकोल प्रिझममधून त्यांनी पाण्यावरून परावर्तित होणारी चमक वगळून पाहिले. निळाई उरलीच. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हा विचार पुढे १९२८च्या रामन परिणामापर्यंत गेला. तो समुद्र असंख्य प्रवाशांनी रोज पाहिला होता. फरक होता तो बघण्यात.

कातळावरच्या रेषा

रत्नागिरीकरांना याचे उदाहरण घराजवळच सापडेल. जिल्ह्यातले जांभ्याचे सडे वर्षानुवर्षे गुरे चारायला आणि पायवाटांना वापरले जात होते. त्यांवर कोरलेल्या आकृतींची काही गावांत लोकांना माहितीही होती. पण व्यवसायाने अभियंते असलेले सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी सुट्टीच्या दिवसांत गावोगाव हिंडले, गुराख्यांना विचारत गेले, एकेक आकृती शोधून नोंदवत गेले. तेव्हा ही कातळशिल्पे जगासमोर आली. मध्याश्मयुगापासूनची ही परंपरा असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे यांसारखी स्थळे २०२२मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. फावल्या वेळातल्या छंदाचे हे फलित.

या रेषा टिपायला हिवाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ उत्तम. भर दुपारी कातळ सपाट दिसतो. सूर्य १५ अंशांवर उतरला, की दोन सेंटिमीटर खोल खोबणीची कडही सुमारे साडेसात सेंटिमीटर लांब सावली टाकू शकते. अख्खी खोबण काळोखाने भरते आणि मघाशी न दिसलेला हत्ती, मासा किंवा मानवाकृती समोर उभी राहते. तेव्हा गवतही वाळून सोनेरी झालेले असते. रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, रंग किंवा पाणी मात्र ओतू नये, आकृतीवर चढूही नये. उन्हाची वाट पाहणे हाच खरा उपाय.

छंदातून विज्ञानाकडे

हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतल्या एका जातीचे नाव 'तपकिरी डोक्याचा कुरव'. पण डिसेंबरात फोटो मोठा करून पाहिला, तर डोके पांढरेच दिसते. डोळ्यामागे गडद ठिपका तेवढा असतो. हा त्याचा हिवाळी पोशाख. तोच थवा मार्चच्या सुमारास पुन्हा टिपला, तर काही पक्ष्यांचे डोके तपकिरी होऊ लागलेले आढळते. मध्य आशियातल्या उंच प्रदेशात विणीसाठी परतण्याची ती तयारी असते. एकाच जागेचे तीन महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले, की पुस्तकातले विज्ञान डोळ्यांसमोर उलगडते.

आंब्याच्या एकाच फांदीचा दर रविवारी फोटो काढला, तर पालवी कधी आली, मोहोर कधी फुटला, कणी कधी धरली, याची तारखेसह नोंद तयार होते. पुढच्या वर्षी थंडी उशिरा आली, तर तुलनेला ती हाताशी असते. पक्षी, फुलपाखरे, झाडे यांचे असे फोटो 'आयनॅचरलिस्ट', 'ईबर्ड', 'सीझनवॉच' यांसारख्या उपक्रमांत नोंदवता येतात आणि संशोधकांना उपयोगी पडतात.

आपण लहान, हसू मोठे

कॅलिफोर्निया विद्यापीठातील व्हर्जिनिया स्टर्म यांच्या गटाने २०२०मध्ये ज्येष्ठ नागरिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, १५ मिनिटे चालायचे. एका गटाला नुसते चालायला सांगितले, दुसऱ्याला चालताना विस्मय वाटेल असे काहीतरी शोधायला. दोन्ही गटांनी चालताना स्वतःचे फोटो काढायचे होते. आठवडे उलटत गेले तसे विस्मय शोधणाऱ्यांच्या फोटोंत त्यांचा चेहरा चौकटीत लहान होत गेला. मागचे झाड, आकाश, रस्ता यांना अधिक जागा मिळू लागली. चेहऱ्यावरचे हसू मात्र रुंदावत गेले. रोजच्या जगण्यातली त्यांची अस्वस्थताही कमी झाल्याचे आढळले.

फोटोग्राफी हे औषध नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटायलाच हवे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मोफत बोलता येते. पण रोजच्या जगण्यात थोडी ओढ निर्माण करायला या छंदाइतके स्वस्त साधन क्वचितच सापडेल. मोबाइल बहुतेकांकडे आहेच आणि ऊन फुकट आहे.

सुरुवात करताना

• दिवसाला एकच फोटो ठेवा. आधी मिनिटभर नुसते पाहा, मग मोबाइल काढा.

• एक जागा ठरवून घ्या. अंगण, विहीर, खिडकी, काहीही चालेल. महिनाभर तीच जागा टिपा.

• किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने लेन्सवर पुटकुळ्यांसारखे डाग आणि चिकट थर बसतो. मऊ सुती कापडाने ती आधी पुसा.

• पडद्यावर उजळ भागावर बोट दाबून धरा आणि प्रकाश थोडा कमी करा. सूर्यास्ताचे रंग टिकतील.

• मोठ्या कॅमेऱ्याच्या दृश्यदर्शकातून सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते.

• भरतीच्या वेळी खडकांवर आणि कड्याच्या टोकावर उभे राहू नका. फोटो घेताना मागे सरकणे टाळा.

• रात्री किनाऱ्यावर अंडी घालायला आलेले कासव दिसल्यास फ्लॅश वापरू नका, दूर राहा.

• दमा असलेल्यांनी आणि हृदयरुग्णांनी पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर बाहेर पडावे. संध्याकाळचे ऊनही तितकेच सुंदर असते.

• महिन्याच्या शेवटी तीस फोटोंतून तीन निवडा, छापून घ्या आणि घरात लावा. पुढच्या गणपतीत मुले-नातवंडे आली, की त्यांना दाखवायला गेल्या हिवाळ्याच्या गोष्टी भिंतीवर तयार असतील.